चर्नी रोडच्या नावात इंग्रज कुठे आहे?

माहेर_गिरगाव

गेल्या महिन्यात आमची चाळीतली खोली रिकामी करायला गेले होते. इमारत पुनर्विकासाला चाललीय. भावानं पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तिच्या तळाशी सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. बहुतेक पत्रं नेहमीचीच, पाऊस झाला, आंबे पाठवले, मुलीच्या लग्नाचं बघा. त्यात पणजोबांनी कोकणातून आजोबांना घातलेलं एक पोस्टकार्ड होतं. एक कोपरा वाळवीनं खाल्लाय, शाई तपकिरी पडलीय, पण पत्ता अगदी स्पष्ट वाचता येतो: 'चरणी रोड, प्रार्थना समाजानजीक, गिरगांव, मुंबई नं. ४'.

चर्नी नाही. चरणी. र अख्खा आणि ण बाणाचा.

मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ तिथेच बसून राहिले. जन्मल्यापासून स्टेशनच्या पाटीवर 'चर्नी रोड' वाचत आले, पण तो शब्द आपला असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. साहेबाच्या तोंडून गेला, इंग्रजीत लिहिला गेला, तिथून परत मराठीत आला, आणि या येरझाऱ्यांत त्याचा ण कुठेतरी सांडला.

आता हा धागा का काढला ते सांगते. जुलै २०२४ मध्ये राज्य विधिमंडळानं मुंबईतल्या सात रेल्वे स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव मंजूर केला. त्यात चर्नी रोडचं 'गिरगाव' होणार आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी आनंद केला, 'बरं झालं, इंग्रजांची नावं गेली एकदाची.' गिरगाव हे नाव मला जिवापाड प्रिय आहे, ते माझं माहेर आहे. पण मला कुणीतरी सांगा, चर्नी रोडमध्ये 'रोड' सोडून इंग्रज कुठे आहे?

या नावाची जी हकीकत गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती अशी. १८३८ च्या सुमारास सरकारनं गुरं चारण्यावर कर बसवला. गरीब गवळ्यांना आणि दोनचार जनावरं बाळगणाऱ्यांना तो झेपेना, गुरं उपाशी राहायला लागली. तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळची समुद्राकाठची गवताळ जमीन विकत घेतली आणि कुणाचीही गुरं तिथे फुकट चरतील असं केलं. म्हणून ती जागा चरणी. तिथून गेलेला रस्ता चरणी रोड. रस्त्यावरून स्टेशन.

ही गोष्ट जमशेटजींच्या बाकीच्या आयुष्याशी अगदी जुळते. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत दंगल झाली, त्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजींनी अमीचंद शहा यांच्या सोबतीनं भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. ती आजही आहे. भर बाजारात, कापडाच्या आणि पूजेच्या दुकानांच्या मागे गाई उभ्या असतात. लहानपणी आजी मला तिथे गाईला चारा घालायला न्यायची. ज्या माणसानं ते उभं केलं त्यानंच चार वर्षांनी कुरण घेतलं असेल, तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

म्हणजे हे नाव एका करविरोधाचं आहे. साहेबानं चराईवर पैसे मागितले आणि मुंबईकरानं त्यावर स्वतःचा पैसा टाकून गुरं सोडवली, त्याची ती खूण. आणि आपण ते साहेबाचं समजून पुसायला निघालोय. मला हे सहन होत नाही. जाणकारांनी कृपया लिहावं.


सांजवात

ताई, सुंदर लिहिलंयत. वाचनखूण साठवली.

मी लहान असताना मला वाटायचं, 'देवाच्या चरणी' मधलं ते चरणी. आमची आई ठाकूरद्वारला देवळात न्यायची, गाडीतून उतरलं की चर्नी रोड आणि चालत गेलं की देव. त्यामुळे माझ्या हिशेबात ते अगदी बरोबर बसत होतं. आज कळलं की गाईंचं आहे. तेही चालेल मला.


चेंदणीकर

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

धागा आवडला, पण एक दुसरी व्युत्पत्तीही आहे आणि ती आमच्या गावाची आहे म्हणून लिहितो. ठाणे स्टेशनाला लागून चेंदणी कोळीवाडा आहे. चेंदणीहून काही मंडळी गिरगावात येऊन वसली आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव त्या वस्तीला दिलं, त्याचं पुढे चर्नी झालं, असं मुंबईच्या जुन्या इंग्रजी लेखनात सापडतं. गुरांच्या गोष्टीइतकी ती प्रसिद्ध नाही.

खरं सांगायचं तर आमच्या घरात, आळीत कुणी म्हातारं माणूस 'आपली माणसं गिरगावात गेली आणि तिथे चेंदणी वसवली' असं सांगताना मी ऐकलेलं नाही. पण गावाचं नाव सोबत नेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माणूस घर सोडतो, पण नाव बांधून घेतो. तेव्हा ही शक्यता एकदम झटकून टाकू नये.


शब्दवेध

दोन्ही व्युत्पत्तींकडे भाषेच्या बाजूनं बघू.

चेंदणीचं चर्नी व्हायचं तर अनुस्वार जायला हवा, 'ए'चा 'अ' व्हायला हवा आणि 'द'चा 'र'. तीन बदल, तेही एका छोट्या शब्दात. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडून असं सहसा होत नाही, कारण त्याला चेंदणी म्हणायला काही जड जात नाही. इंग्रज कारकुनाच्या कानातून आणि लेखणीतून होऊ शकतं. त्यानं भायखळ्याचं आणि शीवचं काय केलं ते रोज स्टेशनच्या पाट्यांवर दिसतंच. पण मग प्रश्न उरतो तो हा, की आजूबाजूची मराठी माणसं तरी मूळ 'चेंदणी' म्हणत राहायला हवी होती. जशी ती आजही बायकल्ला न म्हणता भायखळा म्हणतात, सायन लिहिलं तरी शीव ओळखतात. गिरगावात तसं कुणी म्हणताना दिसत नाही. ताईंच्या पोस्टकार्डावर कोकणातल्या, इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या हातचं 'चरणी' आहे, हे मला फार बोलकं वाटतं. अर्थात त्यांनीही ऐकून अर्थ लावला असेल. लोक अपरिचित नावाला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालतात, हे नेहमीचं आहे. म्हणून एका कार्डावर निकाल लावू नये.

'चरणे'वरून चरणी व्हायला मात्र काहीच आडकाठी नाही. आणि एक गंमत बघा, मराठीत 'चराई' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. गुरं चारणं हीही चराई आणि त्यासाठी द्यावा लागणारा पैसा हीही चराई. म्हणजे कर बसवण्याची कल्पना काही साहेबानं विलायतेहून आणली नव्हती. आपल्याकडेही कुरणाचे पैसे घेत. १८३८ ची गोष्ट खरी मानली, तर वेगळं काय घडलं? ज्या शहरात मोकळ्या जमिनी वेगानं संपत होत्या तिथे उरल्यासुरल्या गवतावर पैसे लागले. त्रास त्याचा होता.


नकाशेवाला

मला जुन्या मुंबईच्या नकाशांचा नाद आहे, म्हणून जागेबद्दल लिहितो.

आज 'समुद्राकाठची गवताळ जमीन' म्हटलं की लोकांना मरीन ड्राइव्ह डोळ्यांपुढे येतो आणि गोष्ट खोटी वाटायला लागते. तिथे कुठलं गवत? पण मरीन ड्राइव्ह ही १९३० नंतरची भरावावरची जागा आहे. त्याआधी बॅकबेचं पाणी रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे लगेच सुरू व्हायचं. जुन्या छायाचित्रांत गाडी अक्षरशः किनाऱ्यावरून धावताना दिसते. आणि १८३८ मध्ये तर रूळही नव्हते. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरार ते बॅकबे ही पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला सुटली. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं चित्र डोळ्यांपुढे आणा: एका बाजूला वाळू आणि भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला गिरगावच्या माडाच्या वाड्या, आणि मधे खारट वाऱ्यात वाढणाऱ्या गवताचा पट्टा. शेतीला फारसा उपयोगी नाही, गुरांना पुरेसा.

आता आजूबाजूच्या नावांकडे बघा. नावं एकेकटी वाचली की फसवतात, घोळक्यानं वाचली की बोलतात. चर्नी रोडपासून वर गेलात की गोवालिया टँक, जिथे ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव झाला. तळं बुजलं, त्याचं ऑगस्ट क्रांती मैदान झालं, पण 'गोवालिया' म्हणजे गवळीच, तिथे गुरं पाण्यावर आणत. इकडे गिरगावात गायवाडी. प्रार्थना समाजाच्या पलीकडे खेतवाडी, तिथल्या गल्ल्यांना नावंसुद्धा मिळाली नाहीत, पहिली, दुसरी, तिसरी असे आकडेच. मग फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, ताडवाडी, कांदेवाडी. बोरभाट आणि मुगभाट यांतला 'भाट' हा तर कोकण-गोव्याकडचा बागायतीचा शब्द. हा सगळा टापू म्हणजे एका खेड्याची यादी आहे. पीक कुठे, फळझाडं कुठे, ताडी कुठे, गुरांचं पाणी कुठे. या यादीत गुरांच्या चरण्याची जागा नसती तरच आश्चर्य वाटलं असतं.

म्हणून माझं मत असं: जमशेटजींनी जमीन घेतली असो वा नसो, तिथे आधीपासून गुरं चरत असणार. त्यांनी घेतली ती गुरं चरत होती म्हणूनच घेतली. नाव १८३८ च्या आधीचंही असू शकतं. चेंदणीकरांनी रागावू नये.


चेंदणीकर

रागवायचं काय त्यात! तळ्याचा आणि गायवाडीचा मुद्दा पटला. एकच सांगतो, गवळ्यांची, कुणब्यांची, कोळ्यांची नावं अशी कुठल्या कागदात सहसा येत नाहीत. शेटजींची येतात. तेव्हा गोष्ट सांगताना ती गुरं कुणाची होती तेही सांगत चला.


गिरगावच_हवं

मी वेगळं बोलणार आहे, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये.

मीही त्याच गिरगावचा. आमच्या चाळीत बेचाळीस बिऱ्हाडं होती. आज त्यातली किती मराठी उरली ते सांगवत नाही. कुणी बोरिवलीला, कुणी डोंबिवलीला, कुणी बदलापूरला. ज्यांनी खोल्या सोडल्या त्यांनी पैशासाठी सोडल्या म्हणतात, पण दोन मुलांची लग्नं दहा बाय बाराच्या खोलीत होत नाहीत. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

माणसं गेली. खानावळी बंद होत चालल्यात. वाड्यांच्या जागी टॉवर आलेत आणि टॉवरना कसली कसली नावं आहेत ते तुम्ही बघताच. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय, ज्याच्या चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांना अग्नी दिला, त्या गिरगावचं नाव पश्चिम रेल्वेच्या एकाही स्टेशनावर नाही. बाहेरच्या माणसाला गिरगाव कुठे म्हणून सांगायचं तर 'चर्नी रोडला उतर' म्हणावं लागतं. हे मला आयुष्यभर खुपत आलंय. गावाच्या नावानं स्टेशन असावं ही मागणी इंग्रजांवरच्या रागातून आलेली नाही, निदान माझी तरी नाही. हे गाव पुसलं जातंय, त्याचं नाव तरी मोठ्या अक्षरांत कुठेतरी राहू दे, एवढंच आहे.

आणि गिरगाव हे नाव काही चरणीपेक्षा कमी मातीतलं नाही. गिरी म्हणजे मलबार हिल, तिच्या पायथ्याचं ते गिरिग्राम, गिरगाव. गाव आधी, चरणी मग.


माहेर_गिरगाव

दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. गैरसमज अजिबात नाही. तुमच्या चाळीतली बेचाळीस म्हणालात, आमच्या मजल्यावर आठ होती. मागच्या महिन्यात कुलूप लावलं तेव्हा सज्जात उभं राहून हाक मारावी असं एकही दार उरलं नव्हतं.

पण तुमच्याच शब्दांत विचारते. हे गाव पुसलं जातंय ना? मग त्याच्या ज्या थोड्या खुणा अजून लोकांच्या तोंडी आहेत, त्यातली एक आपण आपल्या हातानं का पुसायची? गिरगावचं नाव आता तसंही मोठ्या अक्षरांत लागलंय. मेट्रो ३ वर 'गिरगाव' हे स्टेशन आहे, काळबादेवी आणि ग्रँट रोडच्या मधे. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे गाड्या थांबतात. त्या जिन्यावर पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मी थांबून फोटो काढला होता. आता पश्चिम रेल्वेवरही गिरगाव केलं, तर दोन गिरगाव होतील आणि चरणी एकही उरणार नाही.

रस्त्याचं तर आधीच झालंय. पोस्टकार्डावर जिथे 'चरणी रोड' आहे, त्या आमच्या पत्त्यावर आज 'राजा राममोहन राय मार्ग' लिहितात. ते नावही नाक्याला शोभणारंच आहे. ब्राह्मो समाज काढणाऱ्या राममोहन रायांचं नाव, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या दाराशी. ज्यानं ठेवलं त्यानं विचार करून ठेवलंय. पण त्यामुळे 'चरणी' रस्त्यावरून उठून फक्त स्टेशनात जाऊन बसलीय. तिचं ते शेवटचं घर आहे.


ट्रेनवेडा

थोडी माहिती. विधिमंडळाच्या ठरावातली सात नावं अशी: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. राज्यानं ठराव केला म्हणजे पाटी लगेच बदलत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची ना हरकत लागते, मग राजपत्रात अधिसूचना, मग रेल्वे नाव आणि कोड बदलते. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये याच वाटेनं झालं.

त्या यादीत सँडहर्स्ट म्हणजे खरोखरच गव्हर्नर, १८९५ ते १९०० चा. ते नाव गेलं तर मला काही वाटणार नाही. पण यादीत ग्रँट रोड नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? रॉबर्ट ग्रँट १८३५ पासून १८३८ मध्ये मरेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. म्हणजे चराईच्या कराची गोष्ट ज्या वर्षाची सांगतात, त्याच वर्षापर्यंत. कर त्याच्या सहीनं बसला असं मी म्हणत नाही, तसा कागद मी पाहिलेला नाही. पण एकमेकांना लागून असलेल्या दोन स्टेशनांपैकी गव्हर्नरचं नाव राहतंय आणि गुरांचं जातंय, हे काही बरोबर दिसत नाही.


सांजवात

ग्रँट रोडचं हे लक्षातच आलं नव्हतं. अंगावर काटा आला.


माहीमचा

धाग्यात जमशेटजींचा विषय निघालाय म्हणून. आमच्या माहीमच्या 'लेडी जमशेटजी रोड'वरून रोज लाखो लोक जातात. ही लेडी जमशेटजी म्हणजे त्यांच्या पत्नी, अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडताना होड्या उलटून माणसं बुडायची. तिथे बांध घालायला सरकार पैसे देईना, तेव्हा अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४० च्या दशकात बांध तयार झाला.

नवऱ्यानं चराई माफ केली, बायकोनं टोल. दोघांची नावं मुंबईच्या रस्त्यांत राहिली, पण बाईंचं पाटीवर ठळक आहे आणि जमशेटजींचं त्या 'चर्नी'मध्ये लपलेलं. त्यांचं नाव इस्पितळाला आहेच म्हणा. पण इस्पितळ हे देणगीचं दान आहे. कुरण मला जास्त मोठं वाटतं. ते मुक्या जिवांसाठी होतं.


दुसरी_खेतवाडी

थोडं अवांतर होईल, पण याच पट्ट्यातलं आहे. चर्नी रोडच्या खालच्या अंगाला, आता जिथे चंदनवाडी आहे त्या बाजूला, सोनापूर म्हणायचे. तिथे स्मशान. आपण म्हणतो ना, 'म्हातारपणी त्यांच्या मरणाचं सोनं झालं', त्यातलं ते सोनं. माझ्या आजोबांना कुणी गेल्याचं सांगायचं असलं की ते 'सोनापूरला गेले' एवढंच म्हणायचे. 'स्मशान' हा शब्द घरात कधी उच्चारला नाही.

समोरचा क्वीन्स रोड महर्षी कर्वे मार्ग झाला, ते छानच झालं, राणीपेक्षा अण्णांचं नाव केव्हाही मोलाचं. माणसाचं नाव माणसानं बदललं तर हरकत नसते. पण सोनापूरसारखा शब्द कुणी ठेवलेला नसतो, तो झालेला असतो. तो एकदा गेला की नवा ठेवता येत नाही. माझ्या मुलांना सोनापूर म्हटलं की भांडुपचं आठवतं.


गिरगावच_हवं

ट्रेनवेडा, माहीमचा आणि दुसरी_खेतवाडी, तिघांचं वाचलं. रात्रभर विचार केला.

माझी मागणी मी सोडत नाही. गिरगावच हवं. पण ताईंचा एक मुद्दा मला मान्य करावा लागेल, मी आजवर चर्नी रोड हे साहेबाचंच नाव समजत होतो. माझ्या मुलालाही तेच सांगितलं. ते चूक होतं. उद्या पाटी बदलली तरी आधी इथे काय होतं आणि का होतं, ते फलाटावर मराठीत लिहिलेलं असावं. त्यासाठी सह्या लागत असतील तर माझी पहिली. आमच्या मंडळातल्या पोरांच्या पन्नास तरी मिळवून देतो.


माहेर_गिरगाव

दादा, हे तुम्ही म्हणालात याचं मोल मला फार आहे.

काल आत्याकडे गेले होते. तिचं वय आता नव्वदीला टेकलंय, ऐकू कमी येतं, पण गिरगाव म्हटलं की चेहरा बदलतो. पोस्टकार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, बोटानं अक्षरं पुसल्यासारखी केली आणि म्हणाली, 'आबांचं अक्षर. ण असाच काढायचे, शेपटी लांब.' मग मी विचारलं, आत्या, चरणी रोड का गं म्हणायचे? तर ती म्हणाली, 'गुरं चरायची ना तिथे. आम्ही नाही पाहिली. आमच्या वेळी गवळी म्हैस घेऊन दाराशी यायचा, समोर पिळून द्यायचा. पण माझी सासू सांगायची, तिच्या सासूनं गवत पाहिलेलं.'

सासूच्या सासूनं पाहिलेलं गवत. याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. नकाशेवाला आणि शब्दवेध यांनी जे लिहिलं तो पुरावा. पण माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

दादांच्या सूचनेप्रमाणे फलाटावरच्या फलकासाठी मजकूर लिहून बघितला. नाव काहीही राहो, हा लागावा. सुधारणा सुचवा:

'या ठिकाणी पूर्वी समुद्रकिनाऱ्यालगत गुरांचं कुरण होतं. १८३८ मध्ये सरकारनं चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी स्वखर्चानं जमीन घेऊन गुरांना ती मोकळी केली. त्यावरून या जागेस चरणी हे नाव पडलं.'


शब्दवेध

मजकूर चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. 'असं सांगतात' हे शब्द हवेतच, नाहीतर उद्या कुणी चेंदणी घेऊन आला तर सगळाच फलक खोटा ठरेल. आणि शेवटच्या ओळीत 'पडलं' पुरेसं नाही, ते आज चुकीचं लिहिलं जातं हेही यायला हवं.


चेंदणीकर

आणि गुरं कुणाची होती ते.


माहेर_गिरगाव

दोघांचं ऐकून पुन्हा लिहिलं:

'या ठिकाणी पूर्वी समुद्रकिनाऱ्यालगत गवताळ जमीन होती आणि गिरगावातले गवळी व शेतकरी तिथे गुरं चारत. १८३८ च्या सुमारास सरकारनं चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी स्वखर्चानं जमीन घेऊन ती गुरांना मोकळी करून दिली, असं सांगतात. चरण्याची जागा ती चरणी. ठाण्याच्या चेंदणी गावावरून हे नाव आलं असंही एक मत आहे. चर्नी हे चरणीचं इंग्रजीतून परत आलेलं रूप आहे.'


चेंदणीकर

झालं. माझी सही घ्या.


नकाशेवाला

माझीही. अर्जासोबत जोडायला त्या पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूचा नीट फोटो काढून ठेवा ताई. उजेड खिडकीतला घ्या, फ्लॅश नको. तपकिरी शाई फ्लॅशमध्ये उडते.